उन्हाळ्यात ट्रॅक्टर, पिकअपला कोणतं इंजिन ऑइल टाकावं? डब्यावरचे आकडे असे वाचा

गहू-हरभरा निघाला की रान मोकळं होतं आणि ट्रॅक्टरच्या कामाला जोर चढतो. पलटी नांगर, रोटाव्हेटर, शेणखताच्या ट्रॉल्या... दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत इंजिन बंद होत नाही. तिकडे पिकअप आणि छोटा हत्ती कांदा, भाजीपाला, टरबूज भरून घाट चढत असतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात याच दिवसांत पारा ४२-४५ अंशांवर जातो. म्हणजे इंजिनवर वर्षातला सगळ्यात जास्त ताण एप्रिल-मे महिन्यांतच येतो.

एवढं असूनही ऑइल घेताना दुकानात एकच वाक्य ऐकू येतं, ‘ट्रॅक्टरचं ऑइल द्या एक डबा.’ दुकानदार जो डबा काढेल तो घरी येतो. डब्यावर काय लिहिलंय, आपल्या इंजिनाला काय लागतं, हे फार कमी जण बघतात. चुकीचं ऑइल टाकलं म्हणून इंजिन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. बेअरिंग, रिंगा आणि लायनर मात्र आतून झिजत राहतात. आणि ऐन पेरणीत इंजिन खोलायची वेळ आली, तर खर्च वेगळा आणि वाया गेलेली वाफ वेगळी.

गरमीत ऑइलचं नेमकं काय होतं?

इंजिन ऑइलची कामं चार. फिरणाऱ्या लोखंडी भागांमध्ये पातळ थर धरून घर्षण कमी करणं, पिस्टन आणि बेअरिंगची उष्णता ओढून घेणं, काजळी-घाण स्वतःत धरून ठेवणं आणि गंज थांबवणं.

साध्या कामात ऑइलचं तापमान साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपास असतं. सतत पूर्ण लोडवर चाललं, वरून ऊन आणि धूळ असली, तर ते १२० च्या पुढेही जातं. ऑइल तापलं की पातळ होतं आणि दोन भागांमधला थर बारीक होतो. तो थर तुटला की लोखंडाला लोखंड घासतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तापलेल्या ऑइलचा हवेशी संयोग होऊन ते ‘जळतं’, म्हणजे घट्ट, चिकट आणि आम्लयुक्त होत जातं. याचा ढोबळ नियम असा, की तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणून थंडीत जे ऑइल आरामात टिकतं, तेच उन्हाळी रोटाव्हेटरच्या कामात लवकर संपतं.

शर्यतीच्या गाडीचा आणि ट्रॅक्टरचा संबंध काय?

कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर हौशी लोक आपली कार घेऊन पळवायला जातात. गरम दिवशी सलग १५-२० मिनिटं पूर्ण एक्सलेटरवर गाडी पळाली, की ऑइल १२०-१३० अंशांपर्यंत तापू शकतं. म्हणून जाणकार लोक तिथे तीन गोष्टी पाळतात. उष्णता सोसणारं चांगल्या प्रतीचं सिंथेटिक ऑइल वापरतात, ऑइलचं तापमान दाखवणारा मीटर बसवतात आणि नेहमीपेक्षा बरंच आधी ऑइल बदलतात.

ट्रॅक्टरचं तसंच आहे. वेग नाही, पण लोड पूर्ण, आणि तोही १५ मिनिटं नाही तर आठ-आठ तास. शिवाय कारला समोरून वारा मिळतो. रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर माणसाच्या चालीने जातो, त्याला हवा फक्त पंख्याची. त्या पंख्यासमोरची रेडिएटरची जाळी भुशाने, काडीकचऱ्याने भरलेली असेल तर बाजारातलं सगळ्यात महाग ऑइलही कामाचं नाही. उन्हाळ्यात ऑइल वाचवायचा पहिला उपाय फुकटचा आहे. रोज सकाळी रेडिएटरची जाळी साफ करणं, पंख्याचा पट्टा बघणं आणि कूलंटची पातळी पाहणं.

‘१५डब्ल्यू-४०’ म्हणजे काय?

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला हा ऑइलचा ग्रेड. तो दोन भागांत वाचावा.

- पहिला भाग, १५डब्ल्यू : डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. थंडीत स्टार्ट करताना ऑइल किती सहज वाहतं ते हा आकडा सांगतो. आकडा जितका कमी, तितकं ऑइल थंडीत लवकर वर चढतं.
- दुसरा भाग, ४० : इंजिन गरम झाल्यावर, १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा तर ऑइल गरमीत जास्त दाट.

मोजमापात सांगायचं तर १०० अंशांना ‘३०’ चं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ‘४०’ चं १२.५ ते १६.३ आणि ‘५०’ चं १६.३ ते २१.९ सेंटीस्टोक इतकं दाट असतं.

इथे एक गैरसमज गावोगाव आहे. ‘१५डब्ल्यू-४० पातळ असतं, उन्हाळ्यात २०डब्ल्यू-४० टाकावं, ते जाड असतं.’ हे बरोबर नाही. दोन्हींचा दुसरा आकडा ४० च आहे, म्हणजे गरम इंजिनात दोन्ही एकाच वर्गात बसतात. फरक आहे तो सकाळी थंड इंजिन स्टार्ट करताना. १५डब्ल्यू लवकर पसरतं, त्यामुळे स्टार्टच्या वेळची झीज कमी होते. २०डब्ल्यूसुद्धा महाराष्ट्राच्या थंडीत चालून जातं, कारण आपल्याकडे पारा शून्याखाली क्वचितच जातो. पण गरमीत ते जास्त ताकदवान असतं, असं मात्र नाही. मॅन्युअलमध्ये दोन्ही चालतात असं लिहिलं असेल तर १५डब्ल्यू-४० घेण्यात तोटा काहीच नाही.

मग आणखी जाड, २०डब्ल्यू-५० टाकलं तर?

‘गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाका, धूर कमी होईल’ हा सल्ला सर्रास मिळतो. जाड ऑइलने थर जाड होतो हे खरं. पण त्याची किंमतही मोजावी लागते. जाड ऑइल फिरवायला पंपाला जास्त जोर लागतो, डिझेल थोडं जास्त जातं, ऑइल स्वतःच्या घर्षणानेही तापतं आणि बारीक वाटांमधून टर्बोपर्यंत पोचायला वेळ लागतो.

रिंगा झिजल्या असतील तर जाड ऑइलने आजार बरा होत नाही, फक्त झाकला जातो. म्हणून ५० चं ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत आपल्या तापमानासाठी दिलेलं असेल तरच टाकावं. बहुतेक पुस्तिकांमध्ये बाहेरचं तापमान आणि त्याला चालणारे ग्रेड असा तक्ता असतो. तो तक्ता हाच शेवटचा शब्द. पुस्तिका हरवली असेल तर शोरूममध्ये मॉडेल सांगून विचारता येतं, अनेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ती मोबाइलवरही उघडते.

ग्रेडइतकीच महत्त्वाची, एपीआयची अक्षरं

दोन डब्यांवर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं, पण किमतीत बराच फरक असतो. तो कशाचा? बऱ्याचदा ‘एपीआय’ दर्जाचा. डब्याच्या मागे किंवा गोल शिक्क्यात तो छापलेला असतो.

- ‘सी’ ने सुरू होणारा दर्जा डिझेल इंजिनासाठी : सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीके-४. पुढचं अक्षर जितकं नंतरचं, तितका दर्जा नवा. सीआय-४ २००२ मध्ये आला, सीके-४ डिसेंबर २०१६ मध्ये.
- ‘एस’ ने सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनासाठी : एसएन, एसपी वगैरे. फक्त ‘एस’ दर्जा असलेलं ऑइल डिझेल ट्रॅक्टरमध्ये टाकू नये. डिझेलची काजळी सांभाळायची ताकद त्यात पुरेशी नसते.

जिथे सीआय-४ सांगितलंय तिथे सीके-४ चालतं. उलट चालत नाही, म्हणजे सीके-४ सांगितलेल्या इंजिनात सीएफ-४ टाकणं चुकीचं. ‘एफए-४’ नावाचा एक दर्जाही आहे. तो ठरावीक नव्या इंजिनांसाठीच्या पातळ ऑइलचा आहे, जुन्या डिझेल इंजिनात तो टाकू नये.

उन्हाळी कामात हा दर्जा फार मोलाचा. ग्रेड दाटपणा सांगतो, दर्जा मात्र ऑइल उष्णता, काजळी आणि आम्ल किती सोसेल ते सांगतो. स्वस्त सीएफ-४ चं जाड ऑइल आणि सीआय-४ प्लस किंवा सीके-४ चं १५डब्ल्यू-४० यांत निवड करायची असेल, तर गरमीच्या कामाला दुसरं केव्हाही सरस.

कोणत्या गाडीला काय बघावं?

ट्रॅक्टर : बहुतेक ट्रॅक्टरना १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० सांगितलेलं असतं. दर्जा मॉडेलप्रमाणे बदलतो. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवे प्रदूषण नियम लागू झाले. असे नवे ट्रॅक्टर जुन्या सवयीने हाताळू नयेत, पुस्तिकेत लिहिलेलाच दर्जा घ्यावा. आणखी एक, इंजिन ऑइल वेगळं आणि गिअर-हायड्रोलिकचं ऑइल वेगळं. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनमध्ये उरलेलं इंजिन ऑइल टाकलं तर ब्रेक आवाज करतात, नीट लागत नाहीत. हे जिवावर बेतू शकतं.

बीएस-६ पिकअप आणि डिझेल कार : एप्रिल २०२० पासूनच्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ऑइल थोडं थोडं जळतंच आणि त्याची राख या फिल्टरमध्ये साठते. काजळी जाळून साफ होते, राख होत नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. सीके-४ मध्ये राखेची मर्यादा एक टक्का आहे. काही कंपन्या ‘एसीईए सी२’ किंवा ‘सी३’ दर्जा मागतात. ड्रममधलं जुन्या दर्जाचं ऑइल टाकून वाचलेले चारशे-पाचशे रुपये पुढे फिल्टर बदलताना कित्येक पटीने जातात.

नव्या पेट्रोल कार : यांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑइल सांगितलेलं असतं. ‘एवढं पातळ आपल्या उन्हात कसं चालेल?’ असा प्रश्न पडतो. पण त्या इंजिनाच्या फटी, पंप आणि वाटा त्याच ऑइलसाठी बनवलेल्या असतात. गॅरेजवाल्याने सवयीने २०डब्ल्यू-४० ओतू नये, हे मालकाने उभं राहून बघावं.

मोटारसायकल : गिअरच्या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये असतात. त्यासाठी डब्यावर ‘जेएएसओ एमए’ किंवा ‘एमए२’ पाहिजे. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. बिनगिअरच्या स्कूटरसाठी ‘एमबी’ दर्जा येतो. ट्रॅक्टरच्या डब्यात उरलेलं ऑइल मोटारसायकलला टाकायची सवय मोडलेली बरी.

मिनरल की सिंथेटिक?

मिनरल ऑइल कच्च्या तेलापासून साध्या शुद्धीकरणाने बनतं. सिंथेटिक जास्त प्रक्रिया करून बनवलेलं असतं, त्यामुळे ते गरमीत कमी उडतं, लवकर घट्ट होत नाही आणि थर जास्त वेळ धरतं. सेमी-सिंथेटिक या दोघांच्या मधलं.

घरच्या शेतापुरता चालणारा जुना ट्रॅक्टर असेल तर योग्य दर्जाचं मिनरल ऑइल वेळेवर बदलणं पुरेसं आहे. भाड्याने दिवसभर रोटाव्हेटर मारणारा, मळणी यंत्र चालवणारा किंवा घाटात भरलेली पिकअप हाकणारा असेल तर सेमी किंवा पूर्ण सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. मात्र सिंथेटिक टाकलं म्हणून दुप्पट तास चालवणं चूक. काजळी आणि धूळ त्यातही तितकीच साठते.

कधी बदलायचं? तासांचा हिशेब ठेवा

‘वर्षातून एकदा, पाडव्याला बदलतो’ असं सांगणारे बरेच आहेत. ट्रॅक्टरचा हिशेब वर्षावर नसतो, अवर मीटरवर असतो. अनेक ट्रॅक्टरना दर २५० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलायला सांगितलेलं असतं, नव्या ट्रॅक्टरची पहिली बदली बऱ्याचदा ५० तासांच्या आसपास असते.

आता हिशेब बघा. रोज आठ तास काम म्हटलं तर २५० तास ३१-३२ दिवसांत पूर्ण होतात. म्हणजे १ एप्रिलला ऑइल बदलून भाड्याच्या कामावर लागलेला ट्रॅक्टर मेच्या पहिल्याच आठवड्यात बदलीला येतो. तो तसाच जूनपर्यंत चालवला, तर सगळ्यात गरम महिना संपलेल्या ऑइलवर निघतो. फार धुळीच्या, फार लोडच्या कामात बदलीची मुदत आणखी कमी करावी, असं पुस्तिकांमध्येच लिहिलेलं असतं. तास कमी भरले तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावंच, कारण उभ्या गाडीतही ऑइलमध्ये ओलावा आणि आम्ल साठतं.

ऑइल बदलताना

- इंजिन थोडं गरम असताना ऑइल काढावं, घाण सोबत निघते. हात भाजणार नाहीत याची काळजी घ्यावी.
- फिल्टर दर वेळी बदलावा. जुना फिल्टर ठेवणं म्हणजे धुतलेले कपडे मळक्या बादलीत बुडवणं.
- गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असावी.
- वरच्या खुणेच्या पुढे भरू नये. क्रँक ऑइलमध्ये बुडून फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही.
- एअर फिल्टरही त्याच वेळी तपासावा. त्यातून आत गेलेली बारीक माती ऑइलमध्ये मिसळून कानशीसारखं काम करते.
- दोन कंपन्यांचं ऑइल अडचणीच्या वेळी, ग्रेड आणि दर्जा सारखा असेल तर मिसळायला हरकत नाही. ती सवय होऊ नये.
- ‘ताकद वाढवणारी’ वेगळी बाटली ऑइलमध्ये ओतायची गरज नसते. चांगल्या ऑइलमध्ये लागणारे घटक आधीच घातलेले असतात.

बनावट डबा कसा ओळखावा?

जुनं ऑइल गाळून नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरायचे प्रकार होतात. रंग, वास सारखाच दिसतो, त्यामुळे डब्यावरच लक्ष द्यावं लागतं. झाकणाचं सील तुटलेलं किंवा पुन्हा चिकटवलेलं नाही ना, बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख स्पष्ट छापलेली आहे ना, डब्यावरची आणि झाकणावरची छपाई पुसट तर नाही ना, हे बघावं. क्यूआर कोड असेल तर मोबाइलने स्कॅन करावा. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर शंका घ्यावी. बिल घ्यावं, वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं. आणि रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी सुरीने कापावा, म्हणजे तो पुन्हा भरून कुणाच्या तरी माथी मारला जाणार नाही.

या खुणा दिसल्या की थांबा

- ऑइलचा लाल दिवा लागला : तिथेच इंजिन बंद करावं. ‘बांधापर्यंत नेतो’ म्हणत चालवलं तर बेअरिंग जातं.
- ऑइल दुधासारखं किंवा चहासारखं झालं : पाणी किंवा कूलंट मिसळतंय. गाडी न चालवता मिस्त्रीला दाखवावी.
- पातळी आपोआप वाढली, डिझेलचा वास येतो : डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल पातळ होऊन थर तुटतो.
- पातळी भराभर कमी होते, निळसर धूर येतो : ऑइल जळतंय.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, असं मात्र डिझेल इंजिनात नसतं. नवं ऑइल काही तासांतच काळं पडतं, कारण ते काजळी धरून ठेवतं. ते त्याचं कामच आहे. बोटांवर चोळून ‘अजून चिकट आहे, चालेल’ असं ठरवणंही तितकंच चुकीचं. बदली रंगावर किंवा बोटावर ठरत नाही, तासांवर ठरते.

टर्बो असलेली गाडी घाट चढून आल्यावर किंवा जड काम संपल्यावर लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटं स्लोवर चालू ठेवावी. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल जळून कोळसा होतो.

काढलेल्या ऑइलचं काय करायचं?

काढलेलं ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. ते पाणी आणि माती दोन्ही खराब करतं. त्यात धातूचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात, त्यामुळे जनावरांच्या जखमेला लावायची किंवा चुलीत टाकायची पद्धतही घातक आहे. झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे जाणार असेल अशाच गॅरेज किंवा सर्व्हिस सेंटरला द्यावं. हाताला लागलं तर साबणाने धुवावं.

दुकानात जाताना एवढं लक्षात ठेवा

पुस्तिकेतल्या ऑइलच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. दुकानात ‘ट्रॅक्टरचं ऑइल’ न म्हणता ग्रेड, एपीआय दर्जा आणि किती लिटर, या तीन गोष्टी सांगाव्यात. सोबत फिल्टर घ्यावा. घरी आल्यावर ऑइल बदललेली तारीख आणि अवर मीटरचा आकडा खडूने किंवा मार्करने टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवावा. पुढची बदली कधी, हे मग मिस्त्रीला विचारावं लागत नाही.